दिवा आपला लाल

नाही, मी काय म्हणतो, दिवा करायचाच होता तर जरा मोठा तरी करायचा... शेंगदाण्याएवढा दिवा, तोही स्टिअरिंगच्या मागे, काटे आणि आकड्यांच्या अडगळीत, आणि त्यावर चित्र कसलं, तर किटली. मी इतकी वर्षं समजत होतो की ती किटलीच आहे. फार वेळ चालवलीत, आता थांबा, चहा घ्या, असा कंपनीचा प्रेमळ सल्ला असेल. तर आमची लेक म्हणाली, "बाबा, ती ऑइलची बुधली आहे. इंजिनात ऑइलचं प्रेशर कमी झालं की तो दिवा लागतो." म्हटलं, लागतो तर लागू दे, विझेल आपोआप. माणसाचंही प्रेशर कमीजास्त होतंच की, जरा पडून राहिलं की येतं जागेवर. गाडी पडून राहू दिली. मग चालू केली. दिवा आपला लाल.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी, विका आणि मोकळे व्हा. पण तुम्हाला सांगतो, ही नुसती गाडी नाही. आमच्या लेकीपेक्षा ती वयाने मोठी. लेक जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी आली ती हिच्याच मागच्या सीटवर, म्हणून घरात गाडीचं नावच पडलं थोरली. थोरलीला धुतलं का, थोरली उन्हात आहे, थोरलीच्या अंगावर काहीतरी घाला... धाकटीने कधी तक्रार केली नाही, पण शाळेत बाईंनी विचारलं, तुला भावंडं किती, तर म्हणाली, एक बहीण आहे, पेट्रोलवर चालते.

तर ही धाकटी आता जनावरांची डॉक्टर झाली. हुशार आहे, आईवर गेलीय, हे मी म्हणत नाही, तिची आई म्हणते. आणि नोकरी लागली कुठे, तर पार डोंगरापलीकडे. अट एकच, स्वतःची गाडी हवी. कारण तिकडे एक गोठा या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, आणि गाय काही बसने दवाखान्यात येत नाही. सोमवारी हजर व्हायचं. म्हणजे थोरली धडधाकट असली तर नोकरी, थोरली आजारी पडली तर नोकरी दुसऱ्या कोणाला तरी, आणि आमची लेक इथेच, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, श्रीमंतांच्या कुत्र्यांची नखं कापत. तिथे जागा रिकामी होतीच. ती म्हणते, "बाबा, मी काय नखं कापायला एवढी शिकले? मला अडलेली वासरं बाहेर काढायचीत." जेवताना म्हणते हे, आणि हाताने करूनही दाखवते, कोपरापर्यंत. आणि नेमका त्याच आठवड्यात या किटलीला लागायचा मुहूर्त सापडला.

बरं, मी काही अगदीच अडाणी नाही हो. ऑइल मोजायची एक काडी असते इंजिनात. ती बाहेर ओढायची, फडक्याने पुसायची, परत खुपसायची, परत ओढायची, आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की सुटकेचा निःश्वास सोडायचा. आता आमचं घर आहे चढाच्या गल्लीत. गाडी दारात उभी असते ती नाक वर करून, मागच्या चाकांना दगड लावून. मी बॉनेट उघडलं, काडी ओढली, पाहतो तर काय, ऑइल नुसतं टोकाला, नखाएवढं. म्हटलं, सापडलं, घोडं इथे पेंड खातंय. ऑइलचा डबा आणला, कोणाला न सांगता ओतला. न सांगता का? तर सांगितलं असतं तर अप्पांनी... अप्पा म्हणजे आमचे वडील, उभा जन्म गिरणीच्या इंजिनावर काढलेले, त्यांनी मला ओतायला दिलं नसतं, स्वतः ओतलं असतं, आणि पुढचा महिनाभर मला ऐकवलं असतं. तर ओतलं. गाडी चालू केली. दिवा आपला लाल.

मग घरात सभा भरली. अप्पा बॉनेटजवळ खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आमच्या वेळी इंजिनाला दिवे नव्हते. आम्हाला कान होते." म्हटलं, मग ऐका. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं, बराच वेळ ऐकलं... झोपले होते. बायको म्हणाली, "अहो, ते जाऊ दे, डोंगरात मध्येच बंद पडली तर? एकटी पोर, आणि सोबतीला काय, तर इंजेक्शनं?" लेक म्हणाली, "काही होत नाही आई, मी बघते." आणि मी काहीच म्हणालो नाही, कारण माझं बोलणं आमच्याकडे सभेच्या शेवटी, आभार मानण्यापुरतं असतं. यातून निष्पन्न काय, तर दिवा लालच, आणि एक नवीन गोष्ट म्हणजे इंजिन आता टकटक करायला लागलं. आधी करत नव्हतं हो. सुपारी फोडल्यासारखं, टक टक टक...

मग मी गाडी घेऊन गेलो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये. हा गॅरेजवाला बोलका, नुसता बोलका. त्याने एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि चेहरा असा केला की नातेवाइकांना बोलावून घ्या. "साहेब, ऑइल बघितलंत?" म्हटलं, बघितलं, मीच टाकलंय. "झालं तर मग. बेअरिंगं गेली. प्रेशर येणार कुठून? इंजिन उतरवावं लागेल. पुढच्या महिन्यात आणा, आत्ता जागा नाही." पुढच्या महिन्यात. आणि आमचा सोमवार आलेला उंबऱ्यापर्यंत.

आता इथे तुम्हाला एक सांगतो, घरातली माणसं म्हणून सांगतो. मी गॅरेजमधून निघालो तो चेहरा पाडून, पण आत कुठेतरी जरा हलकं वाटत होतं. आता वाटलं त्याला काय करू? एकुलती एक पोर. नखं काय वाईट असतात का? कुत्र्यांनाही कोणीतरी लागतंच की. संध्याकाळी दारात चप्पल वाजेल, पोर म्हणेल, बाबा, आज एक चावला... झालं, आणखी काय पाहिजे माणसाला? आणि हेही सांगून टाकतो, माझी सख्खी थोरली बहीण, आमची ताई, तिचं स्वतःचं गॅरेज आहे. गावात कोणाचंही इंजिन रुसलं की तिच्याकडे नेतात. मग मी तिच्याकडे आधीच का नाही गेलो? लोकांना सांगितलं, ताई फार ओरडते. ओरडते, खरंच ओरडते, पण ते कारण नव्हे. ताईकडे नेली की गाडी दुरुस्त होणार, ही खरी भीती.

घरी आलो, सांगितलं, बेअरिंगं गेली. मला वाटलं लेक रडेल, भांडेल, गॅरेजवाल्याचा उद्धार करेल. नाही. उठली, आतल्या खोलीत गेली. जरा वेळाने मी डोकावलो, तर तिने भरलेली बॅग उघडली होती आणि एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवत होती. घडी न मोडता. ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिने हौसेने आणले होते, गोठ्यात घालायला, ते तिने कपाटाच्या तळाशी, पार मागे सारले आणि वर जुनी चादर टाकली. मी सरळ बाहेर आलो आणि ताईला फोन लावला.

ताई फोनवर हॅलो म्हणत नाही. ताई म्हणते, "काय मोडलंस?" मी सगळं सांगितलं, दिवा, टकटक, बेअरिंगं. मग म्हणाली, "चालवत आणू नकोस. चालू करू नकोस. हात लावू नकोस. खरं म्हणजे तू गाडीकडे बघूसुद्धा नकोस. मी येते." आणि आली, तिची ती पिकअप घेऊन, मागे दोर बांधला आणि आमची वरात निघाली. पुढे ताई, मागे दोराला थोरली, आणि थोरलीत आम्ही सगळे, कारण आमच्या घरात दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. मी स्टिअरिंगवर, शेजारी अप्पा, मागे बायको थर्मास घेऊन आणि लेक खिडकीबाहेर बघत. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली. दिवा आपला लाल. आता इंजिन बंद असताना तो लाल असायचाच असतो म्हणे, पण त्या दिवशी मला तो मुद्दाम डिवचतोय असंच वाटत होतं.

ताईचं गॅरेज म्हणजे एक बघण्यासारखी गोष्ट आहे. फरशी इतकी सपाट की बेअरिंगमधली गोळी ठेवली तर जागची हलत नाही. ताई गिऱ्हाइकाला ठेवून दाखवते. गाडी आत ढकलली. ताईने चष्मा नाकावर ओढला, काडी काढली, पुसली, खुपसली, परत काढली, आणि काडीकडे बघत उभीच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत काडीकडे. "हे काय आहे?" म्हटलं, ऑइल. "किती आहे?" मी वाकून बघितलं... खालची खूण बुडालेली, वरची खूण बुडालेली, आणि त्याच्याही वर चार बोटं ऑइल चढलेलं, आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे, साबणाच्या पाण्यासारखे. ताईने काडी माझ्या नाकासमोर धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आणि ताईचा हळू आवाज म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा... "कोणी ओतलं?"

मी हात वर केला. म्हटलं, मी. पण मी एकच डबा ओतला, खरंच एकच. "एका डब्यात एवढं?" तेवढ्यात मागून आवाज आला, "थोडं मी पण टाकलं." बायको. पेट्रोल पंपावर गेली होती, तिथल्या माणसाने काडी दाखवली, म्हणाला, मॅडम, कमी वाटतंय. पंप कुठे? तर आमच्याच चढावर, वरच्या अंगाला. मी म्हटलं, अगं, मला सांगायचं. म्हणाली, "तुम्ही सांगितलंत का मला?" तोवर अप्पा खाकरले. अप्पांनी माळ्यावरचा एक जुना डबा काढून ओतला होता. "गिरणीतलं आहे. आताच्या ऑइलात काही दम नाही." आणि या सगळ्यावर आमची डॉक्टर, गॅरेजच्या खिडकीकडे बघत, "आत्या... मीपण. दोनदा." म्हणजे बघा, घरातल्या प्रत्येकाने काडी बघितली, प्रत्येकाला ऑइल कमी दिसलं, प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांचं लक्ष नाही, आपणच काय ते शहाणे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात ना, आमच्याकडे तेल जायलाच तयार नव्हतं.

"पण ताई, काडीवर तर कमी दिसत होतं," मी म्हटलं. "गाडी कुठे उभी असते?" दारात. "दार कुठे आहे?" चढावर. ताईने खोल श्वास घेतला. "गाडी नाक वर करून उभी. ऑइल सगळं मागे. काडी पुढे. मग काडीला काय तुझं कपाळ दिसणार? सपाट जागेवर बघायचं असतं, इंजिन बंद करून, जरा थांबून." मग म्हणाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑइल जास्त झालं की तिथे फिरणारा क्रँकचा दांडा ते घुसळतो, लोणी काढल्यासारखा, आणि मग पंप ऑइल ओढायच्या जागी फेस ओढतो. फेसाला कसलं आलंय प्रेशर? म्हणून टकटक. "अति तिथे माती," ताई म्हणाली, आणि आमच्या चौघांवरून नजर फिरवली, एकेकावर थांबत, नीट.

पण जीव टांगणीला लागला तो याच्या पुढे. कारण ताई म्हणाली, "एवढे दिवस फेसावर चालवलंत. बेअरिंगांना खरंच इजा झाली असेल तर तो कोपऱ्यावरचा चुकून बरोबर ठरेल." लेकीने पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढली. "कसं कळेल, आत्या?" ताईने भिंतीवरून एक गोल घड्याळासारखं काहीतरी काढलं, काट्याचं, लांब नळीचं. "दिव्यावर जायचं नाही. दिवा म्हणजे खिडकीतली शेजारीण. काहीतरी झालंय एवढंच ओरडते. काय झालंय ते घरात शिरून बघावं लागतं." खालचा नट सोडला आणि ऑइल घमेल्यात पडायला लागलं. पडतंय... पडतंय... घमेलं भरलं. दुसरं लावलं. अप्पा वाकून म्हणाले, "हे काळं माझं." नवा फिल्टर बसवला, नवं ऑइल घातलं, खुणेपर्यंत, थेंब जास्त नाही. मग इंजिनाच्या कुशीत दिव्याचा स्विच असतो, तो पिळून काढला आणि त्याच जागी ते घड्याळ, म्हणजे प्रेशर मोजायचं गेज, बसवलं. "चालू कर."

लेकीने चालू केली. काटा झर्रकन वर. आम्ही टाळ्या वाजवणार एवढ्यात ताई म्हणाली, "थांबा. गार इंजिन सगळ्यांनाच फसवतं. ऑइल तापून पातळ होऊ दे, मग काय ते बोला." आणि मग आम्ही पाच माणसं एका काट्याकडे बघत उभे. इंजिन तापत चाललं, आणि काटा उतरायला लागला. जरा उतरला. आणखी जरा. बायकोने थर्मासचं झाकण उघडलं, चहा काही ओतला नाही, झाकण परत लावलं. अप्पा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. आणि मी, ज्याला आठवडाभर हेच हवं होतं, पोरीने जाऊ नये, ती जागची हलू नये, तो मी, तुम्हाला सांगतो, त्या काट्याला मनात म्हणत होतो, थांब रे बाबा, थांब, तिला जाऊ दे.

थांबला. एका जागी, स्थिर, थरथर नाही. ताई वाकली, कान दिला. टकटक नाही. "बेअरिंगं उत्तम आहेत," म्हणाली, आणि थोरलीच्या बॉनेटवर असा हात फिरवला जसा माझ्या डोक्यावरून कधी फिरवला नाही. मग गेज काढलं, जुना स्विच परत बसवला, वायर जोडली, चालू केली. दिवा आपला लाल.

बायको मटकन टायरवर बसली. आणि ताई हसायला लागली. ताईला हसताना आम्ही फार बघितलेलं नाही, त्यामुळे आणखी घाबरलो. तिने स्विचची वायर उपटली, दिवा विझला. वायर लावली, लाल. उपटली, विझला. "स्विच अडकलाय आत. याला प्रेशर असलं काय, नसलं काय, सारखंच. शहाण्यांनो, पहिल्या दिवसापासून इंजिन ठणठणीत होतं. हा खोटं बोलत होता, आणि तुम्ही बिचारीला बुडवून मारत होतात." खणातून नवा स्विच काढला, बोटाएवढा, पिळून बसवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन चालू झालं, आणि दिवा... गेला. नुसता काळा ठिपका. लेकीने दोन्ही हातांनी आत्याला मिठी मारली, ग्रीससकट, आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर चादर काढून ते रबरी बूट बाहेर ओढले.

रविवारी निघाली. ताईने आमच्या घरातले ऑइलचे सगळे डबे आधीच जप्त करून नेले होते, अप्पांच्या माळ्यावरचेसुद्धा. निघताना स्वतः आली, बॉनेट उघडून एकटीनेच शेवटची तपासणी केली. आम्ही तिघे हात मागे बांधून भिंतीला लागून उभे, कोणाची एक पाऊल पुढे यायची टाप नाही. धाकटी थोरलीत बसली, आणि दोघी बहिणी गेल्या चढावरून. वळणावर हॉर्न वाजला. अप्पा म्हणाले, "इंजिन छान बोलतंय." आणि आत जाऊन बसले. गल्लीत ते दोन दगड तेवढे राहिले. मी ते उचलून कडेला ठेवले, मग परत होते तिथे ठेवले. असू दे म्हटलं, येईल तेव्हा लागतील.

संध्याकाळी फोन आला. ताई घरीच थांबली होती. फोन स्पीकरवर टाकला, सगळे भोवती. "बाबा, पोचले. खोली छान आहे. उद्या सकाळी पहिली गाय." दिवा? "बंद. अख्खा डोंगर चढले, एकदाही नाही." बायकोने डोळे पुसले. मग पोर म्हणाली, "पण काय झालं माहितीय का, इथे पोचल्यावर सपाट जागा बघून उभी केली, इंजिन थंड होऊ दिलं आणि काडी बघितली. ऑइल खुणेच्या वर आहे. बोटभर. कोणी ओतलं?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने अप्पांकडे. अप्पांनी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. आणि मग आम्ही तिघांनी सावकाश माना वळवल्या. ताई चष्मा पुसत होती. चष्मा स्वच्छ होता हो. "डोंगराचा रस्ता," ती म्हणाली, "एकटी पोर... म्हटलं, थोडं असावं जवळ. बोटभराने काय होतंय?" हीच ती, अति तिथे मातीवाली. पलीकडून पोरगी इतकी हसली, इतकी हसली... म्हणाली, "आत्या, पुढच्या रविवारी सुट्टी आहे. घरी येते, तेव्हा तूच काढून दे."

म्हणजे येणार आहे रविवारी. आणि आता आमच्याकडे भांडण कशावरून चाललंय माहितीय? ती परत निघेल तेव्हा कोणी ओतायचं. मी म्हटलं, बाप मी आहे, हक्क माझा. कोणी ऐकतंय का? पाळ्या लावल्यात... माझा नंबर चौथा.